चार कोपऱ्यांतलं मीठ

हृतिकच्या हळदीचा मांडव वाऱ्यानं उडून गावाच्या तळ्यात पडला, ते वर्ष दोन हजार तेवीस. गव्हाण गावात अजून कुणाला जुनी गोष्ट सांगायची झाली, तर ऐकणारा आधी विचारतो, "मांडव उडाला त्याच्या आधीची का नंतरची?" ही नंतरची. दीडेक महिन्यानं घडलेली.

हृतिक म्हणजे ठमाबाईचा नातू. लग्न झालं, दिपिका सून होऊन घरात आली, आणि वरची खोली नव्या जोडप्याला गेली. त्या खोलीत हृतिकची धाकटी बहीण प्रांजल अभ्यासाला बसायची. ती आपली पुस्तकं आणि कपड्यांची बॅग घेऊन खाली आजीच्या खोलीत आली. कुरकूर केली नाही. कॉलेज संपलं होतं, मग रक्त तपासायचा एक कोर्सही झाला होता, आणि निकाल लागून आठ दिवस होत नाहीत तोच पनवेलच्या एका लॅबमधून तिला कामावर यायचं बोलावणं आलं.

लॅब सकाळी साडेसहाला उघडायची. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं त्याच्याही आधी दाराशी उभी. गव्हाणातून एवढ्या पहाटे पनवेल गाठायचं म्हणजे रोज कुणीतरी गाडीवर सोडायला हवं. बाप काशीराम कंटेनरच्या यार्डात कामाला, त्याची पाळी बदलती. हृतिकचं नवं लग्न. तेव्हा प्रांजल जेवताना म्हणाली, "मी पनवेलला खोली घेऊन राहते."

काशीरामचा घास हातातच राहिला. "एकटी?"

"पुष्कळ मुली राहतात, बाबा."

"राहत असतील. आपल्या घरातली नाय राहिली कोण अजून." मग त्यानं थोडा विचार केला आणि आईकडे न बघताच बोलला, "आजी बरोबर राहील तर जा."

दाराला कुलूप लावावं तसं त्यानं हे म्हटलं. कुलपाला कोण विचारतं, तुला या दाराला लटकायचंय का म्हणून? ठमाबाईनं पानातला भात बाजूला सारला आणि सुक्या जवळ्याकडे बघत बसली. एकाहत्तर वर्षांत तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, ते आज विचारतील अशी तिची अपेक्षाही नव्हती. पण पोरीला विचारत होते. ते मात्र तिच्या ध्यानात आलं. "तुला कुठं बरं पडेल? स्टेशनजवळ का स्टँडजवळ?" मनिषा, तिची सून, भाकरी वाढता वाढता लेकीला विचारत होती. "तू बघ आणि तूच ठरव. राहायचं तुला हाय."

तूच ठरव. हे दोन शब्द ठमाबाईला माशाच्या काट्यासारखे टोचले.

तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. तिला कुठं द्यायचं ते बापानं मिठागराच्या बांधावर उभ्या उभ्या ठरवलं. मीठ वाहायला आलेल्या एका माणसाचा मुलगा होता, काळूराम, आणि त्याच्या घरात काम करणारी बाई हवी होती. ठमा तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन त्या दोघांच्या शेजारूनच गेली. आपलंच बोलणं चाललंय हे तिला दोन दिवसांनी कळलं. पुढं माहेरचं गाव बंदरासाठी उठलं, तेव्हा भाऊ कुठं राहायला गेले हेही तिला उशिरानंच कळलं.

आणि मिठाचं शल्य तर तिच्या मनात कायमचं होतं.

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. पिढ्यान् पिढ्या मिठागरावर राबलेली माणसं. नव्या घरात पाऊल टाकायचं तर सगळ्यात आधी मीठ जायचं. पाणी नंतर, चूल नंतर, देवही नंतर. घराच्या चार कोपऱ्यांत चार मुठी जाडं मीठ ठेवायचं, पाचवी मूठ चुलीजवळ. आणि ते जी ठेवील ती त्या घराची घरधनीण. मग मिठाचं मडकं तिच्या ताब्यात. दुसऱ्या कुणी कालवणात चिमूटभर टाकायचं तरी तिला विचारून.

ठमाबाई लग्न होऊन आली तेव्हा मडकं सासूकडे होतं. एकोणीस वर्षं तिनं सासूला विचारून मीठ घेतलं. काळूरामनं स्लॅबचं नवं घर बांधलं तेव्हा तिला वाटलं, आता आपली पाळी. सासू अंथरुणाला खिळलेली. पण सासूला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नव्या घरात नेलं, आणि तिच्या थरथरत्या हातानं चारही कोपऱ्यांत मीठ ठेववलं. ठमाबाई मागून सूप धरून चालत होती. पुढं सासू गेली, मडकं हातात आलं, पण घर जुनं झालं होतं, कोपऱ्यांत दुसरीचं मीठ होतं. नंतर काळूराम गेला, ठमाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि कुणी काही न बोलता मडकं मनिषाकडे सरकलं. एके दिवशी ठमाबाईनंच विचारलं, "मनिषा, पेजेत मीठ घालू का गो?" विचारून झाल्यावर तिला कळलं, आपण काय विचारलं ते.

नव्या घरात मीठ ठेवायचं सुख तिला आयुष्यात कधी मिळालं नाही.

खोल्या बघायला दोन रविवार गेले. विश्वजीत नावाचा एक एजंट मोटरसायकलवर पुढं, आणि प्रांजल व ठमाबाई रिक्षातून मागं. विश्वजीत प्रांजलला मॅडम म्हणायचा. ठमाबाईला तो एकदाच बोलला, "आजी, तुम्ही इथं बसा, सावलीला."

पहिली जागा नवीन पनवेलला अकराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ठमाबाईनं डोळे मिटून घेतले. "येवढ्या वर कावलं तरी येतात का?" तिनं विचारलं. "श्राद्धाचा घास कुठं ठेवायचा?"

"आजी, भाड्यानं घेतोय. श्राद्ध कुणाचं घालणार इथं?" प्रांजल हसली. पण जागा तिलाही आवडली नव्हती.

दुसरी करंजाड्याला. मालकीण दारातच उभी राहून म्हणाली, "मासे करता का तुम्ही? आमच्याकडे चालत नाही."

"करत नाय," ठमाबाई म्हणाली. "खातो."

विश्वजीत तोंड वळवून हसला. जिन्यावरून उतरताना प्रांजलनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "काय गो आजी तू!" त्या क्षणी ठमाबाईला नात फार आवडली. पण रिक्षात बसल्यावर तिला दिसलं की प्रांजलनं मोबाइलवर यादी काढलीय आणि त्या जागेवर फुली मारतेय. फुली मारायची, पुढची बघायची. असं करता येतं? माणसाला जागा नको म्हणता येते? ती दिवसभर मग चुकाच काढत राहिली. इथं मोरी दारासमोर, तिथं मासळी वाळवायला जागा नाही, तिकडं शेजारी कुत्रा. प्रत्येक चूक खरी होती, पण ती त्या चुकीसाठी बोलत नव्हती. पोरीच्या तोंडातून "आवडली" हा शब्द निघू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिसरी जागा वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत. जुनी, दोन मजल्यांची इमारत. मालकीण आशालताबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. खाली स्वतः राहायच्या, वरची खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं. वर रंगाचं काम चाललं होतं. भिंतींना अर्धा जुना आकाशी, अर्धा नवा पांढरा रंग. प्रांजल सरळ खिडकीशी गेली. खिडकीतून तळं दिसत होतं, काठावरचे बाक, फिरायला आलेली माणसं, पाण्यावर पडलेलं ऊन.

ठमाबाई दारातच थांबली. तिनं चूक शोधली. दार पूर्वेला. मोरी मागं. स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी, सज्ज्यावर ऊन, सुकं वाळवायला दोन हात जागा. चूक नव्हती.

"मासे चालतात," आशालताबाई आपण होऊन म्हणाल्या. "फक्त पाणी जपून वापरा. आणि माझ्या दिराचा माणूस कधी आला तर दार उघडू नका. या इमारतीवरून आमची केस चालू आहे." मग त्यांनी प्रांजलला विचारलं, "काय, आवडली का?"

प्रांजल खिडकीकडून वळली. तिच्या तोंडावर तळ्याचा उजेड होता. "आवडली," ती म्हणाली.

ठमाबाई वाट बघत उभी राहिली. आता विचारतील. आजी, तुम्हाला? एवढंच. आशालताबाई तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आजी, जिना चढवेल ना?"

"चढले की आता," ठमाबाई म्हणाली.

शनिवारी सामान न्यायचं ठरलं. बुधवारी घरात भांड्यांची बांधाबांध सुरू झाली. मनिषानं मडक्यातलं जाडं मीठ एका स्टीलच्या डब्यात भरलं, वर झाकण घट्ट लावलं आणि लेकीच्या हातात दिलं. "घे. आधी हे न्यायचं. चार कोपऱ्यांत तू ठेव गो तुझ्या हातानं."

"मी?" प्रांजलनं विचारलं. "आजी ठेवेल की."

"आजी तुझ्या सोबतीला येते हाय. खोली तुझी, पगार तुझा. तूच ठेव."

ठमाबाई तिथंच बसून चिंचा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. बावीस वर्षांची पोर, अजून लग्न नाही, एक दिवस सासूच्या हाताखाली काढला नाही, आणि पहिल्याच घरात मीठ ठेवणार. आणि आपण पुन्हा मागून सूप धरून चालायचं. चिंचोका तिच्या हातून निसटून पायरीवरून घरंगळत गेला.

गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं, "जरा बेलापाड्याच्या बायकांकडे जाऊन येते," आणि पदरात मीठ बांधून ती पनवेलच्या बसमध्ये बसली. मीठ मडक्यातलं नव्हतं. काळूरामनं मिठागर सोडलं त्या वर्षी शेवटच्या राशीतलं शेर-दीडशेर तिनं एका पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं होतं. करड्या रंगाचे, मातीचा वास येणारे खडे. का ठेवलं ते तिलाही माहीत नव्हतं. आज कळलं.

आशालताबाईंचं दार बंद होतं. त्या दुपारी झोपायच्या. वरची खोली रंगासाठी उघडीच. रंगारी जेवायला गेलेला, त्याचा ब्रश पाण्याच्या डब्यात उभा. ठमाबाई जिना चढली, चपला बाहेर काढल्या, आणि पदर सोडला. पहिली मूठ पूर्वेच्या कोपऱ्यात. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी स्वयंपाकघरात ओट्याखाली. हात थरथरत नव्हता. सासूचा थरथरला होता, तिचा नाही.

मग ती खिडकीत येऊन उभी राहिली. तळ्याच्या काठावर एक बाई आपल्या नातवाला भेळ भरवत होती. ठमाबाई कुणालाच नव्हे, उगाच, मोठ्यानं म्हणाली, "आवडली."

आणि कुणाला न दिसता घरी आली.

शुक्रवारी संध्याकाळी प्रांजलचा मोबाइल वाजला. आशालताबाईंचा आवाज एवढा चढलेला की फोन कानाला असूनही पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जात होता. पंख्याचं काम करायला त्या इलेक्ट्रिशियनला घेऊन वर गेल्या, तर चारही कोपऱ्यांत मीठ. दमट हवेनं पाझरलेलं, फरशीवर काळपट ओल धरलेलं. ओट्याखाली आणखी एक ढीग. "हे माझ्या दिराचं काम आहे! करणी केली आहे त्यांनी. रंगारी बघूनच पळून गेला, त्याची शिडी अजून इथंच आहे. नाही बाई, मी कुणाच्या तरुण मुलीला त्या खोलीत ठेवणार नाही. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तुम्ही दुसरीकडे बघा."

"मॅडम, मीठच आहे ना? आमच्यात तर..." प्रांजल बोलू लागली. पण फोन बंद झाला होता.

आमच्यात तर मीठ शुभ असतं. तिला ते सांगायचं होतं. पण मीठ टाकणारं कुणी आपलंच असेल, हे काही तिच्या मनात आलं नाही. तिचं मीठ तर डब्यात होतं, डबा बांधलेल्या भांड्यांत, भांडी गोणीत.

काशीरामनं सगळं ऐकून घेतलं. "बघ," तो म्हणाला, "नाय जमायचं ते असं. जाऊ दे ती नोकरी. सोमवारी सांगून टाक त्यांना. मोहोपाड्याचे लोक येतो म्हणतात तुला बघायला, किती दिवस थांबवायचं त्यांना?"

"बाबा, दुसरी जागा बघते ना मी."

"दोन दिवसांत? करणीवाल्या शहरात? काय नको."

खोटं कशाला बोला, ठमाबाईला आधी बरं वाटलं. उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं. पोरीच्या हातून खोली गेली. फुली मारणारीवर कुणीतरी फुली मारली. आता हीसुद्धा दुसऱ्यानं ठरवलेल्या घरात जाईल, दुसरीला विचारून मीठ घेईल, मग कळेल. ठमाबाई आपल्या खोलीत जाऊन खाटेवर बसली आणि काही वेळ त्या गारव्यात बसून राहिली.

प्रांजल आत आली. रडली नव्हती. तिनं गोणी सोडली आणि एक एक भांडं काढून परत फळीवर लावायला लागली. दोन ताटल्या, दोन वाट्या, दोन पेले. सगळं दोन दोन घेतलं होतं. आजीसाठी काठाचा स्टीलचा पेला वेगळा, तिला काचेतून चहा चालत नाही म्हणून. मिठाचा डबा तिनं शेवटी काढला आणि हातात धरून खाली जमिनीवर बसली, आजीच्या पायांशी.

"आजी," ती म्हणाली, "तुला आवडली होती का गो ती खोली?"

ठमाबाईनं ऐकलं. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि तेही आता.

"मी तिथं विचारायलाच विसरले बघ," प्रांजल म्हणाली. "त्या खिडकीनं येडीच झाले मी. घरी आल्यावर वाटलं, आजीला विचारलंच नाय. मग म्हटलं, शनिवारी तिथं गेल्यावर विचारू. खाट कुठं टाकायची ते तूच सांगशील. खिडकीशी टाकायची होती मी तुझी."

"उजेड बरा होता," ठमाबाई कशीबशी म्हणाली. पोटातला गारवा गेला होता, आणि तिथं आता नुसतं मीठ होतं, ओलं, पाझरणारं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं ती पनवेलला गेली. कुणाला सांगितलं नाही. आशालताबाईंनी दार साखळी न काढता फटीएवढं उघडलं.

"आजी? अहो, मी फोनवर सांगितलं ना, खोली देत नाही म्हणून."

"करणी नाय ती," ठमाबाई म्हणाली. "मी ठेवलंय."

"काय?"

"मीठ. मी ठेवलंय, बाय. गुरुवारी. तुमी झोपलेल्या."

साखळी निघाली. आशालताबाई गाऊनवर ओढणी घेऊन उभ्या होत्या, डोळे लाल. "तुम्ही? अहो, रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही! दिराला फोनवर काय काय बोलले मी! त्यांच्या बायकोलाही बोलले! रात्रीच एक भटजी येऊन गेला, त्यानं तर माझी पत्रिकाच मागितली. आणि तुम्ही ठेवलंत? कशासाठी?"

ठमाबाई पायरीवर बसली. गुडघे दुखत होते. मग तिनं सगळं सांगितलं. बांधावर ठरलेलं लग्न नाही सांगितलं, तेवढं ती परक्या बाईला सांगणार नव्हती. पण मीठ, मडकं, सासूची खुर्ची, मनिषानं पोरीला दिलेला डबा, हे सांगितलं. शेवटी म्हणाली, "नातीच्या आधी मना ठेवायचं होतं. मना तिचा हेवा वाटला. येवढंच हाय. तिची काय चूक नाय. खोली तिला द्या. मी नाय येत तिथं राहायला, तुमी म्हणाल तर."

आशालताबाई एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता चिडल्या. "दिराच्या बायकोला मी चेटकीण म्हटलं हो! आता तिची माफी मागायची मी? तुमच्या मिठासाठी?"

"मी येते बरोबर. मी मागते माफी."

"नको, नको. तुम्ही काही करू नका आता." त्यांनी डोळे पुसले. "खोली देते. पण एक अट. हे सगळं तुम्ही तुमच्या नातीला सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर. मी फोन लावते."

ठमाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "प्रांजल, मी बोलते. आजी." आणि सांगितलं. मग तिनं फोन कानापासून काढून आशालताबाईंकडे बघितलं, चालू आहे ना म्हणून.

"बाबा मला मोहोपाड्याला देत होते, आजी," प्रांजल शेवटी म्हणाली. "तू पडवीत बसून ऐकत होतीस."

"व्हय."

"मी तुझा पेला काढत होते गोणीतून."

"व्हय गो."

फोन बंद झाला.

सामान त्याच दिवशी दुपारी गेलं. मीठ करणीचं नव्हतं एवढं काशीरामला सांगितलं, तेव्हा त्यालाही अडवायला कारण उरलं नाही. कुणाचं ते प्रांजलनं सांगितलं नाही. टेम्पोतून सगळ्यात आधी ती मिठाचा डबा घेऊन उतरली, जिना चढली, आणि खोलीत येऊन थांबली. कोपरे धुऊन काढलेले, पण फरशीवर मिठाचे चार पांढुरके डाग राहिले होते. तिनं ते चारही बघितले. मग डबा न उघडता ओट्यावर ठेवला.

"तू ठेवलंस ना," ती आजीकडे न बघता म्हणाली. "मग आता सांभाळ तूच."

खाट मात्र खिडकीशी टाकली.

पुढचे पंधरा दिवस ती आजीशी कामापुरतंच बोलली. चहा झालाय. मी निघते. दार लावून घे. ठमाबाईनं तेही गोड मानलं नाही, कडूही मानलं नाही. जे होतं ते तिनं कमावलेलं होतं. सोळाव्या दिवशी प्रांजल लॅबमधून आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "आजी, वांग्यात मीठ घालू का गो?" ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोर हसत नव्हती, चिडलेलीही नव्हती. खरंच विचारत होती.

"घाल," ठमाबाई म्हणाली. "बेतानं घाल."

हेवा काही गेला नाही. कुणी सांगेल गेला, तर खोटं. प्रांजल पगाराच्या दिवशी मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जायची, तेव्हा ठमाबाई खिडकीतून ती वळणापर्यंत दिसेल तेवढी बघायची आणि पूर्वीसारखीच तिच्यात चूक शोधायची. फक्त आता ती ते स्वतःपाशी कबूल करायची. आशालताबाईंपाशीही करायची. संध्याकाळी दोघी तळ्याच्या काठावर बाकावर बसायच्या. आशालताबाई आपल्या दिराच्या बायकोच्या तक्रारी सांगायच्या, ठमाबाई नातीच्या. "तुमची ती आज निळ्या कपड्यात होती," आशालताबाई म्हणायच्या. "छान दिसत होती." आणि ठमाबाई म्हणायची, "माझ्या वेळी निळा रंग कुठं मिळत होता?"

दीड वर्षानं प्रांजलला पुण्याला मोठ्या लॅबमध्ये काम मिळालं. पुन्हा तेच: मोबाइलवर यादी, फोटो, फुल्या. पण या वेळी ती एकेक फोटो आजीच्या डोळ्यांसमोर धरून विचारायची, "ही कशी वाटते?" ठमाबाई म्हणायची, "मना काय विचारतेस, राहायचं तुला हाय." पण फोटो नीट बघायची, आणि मोरी कुठं आहे ते विचारायची.

प्रांजल गेल्यावर काशीराम टेम्पो घेऊन आईला न्यायला आला. खाट खाली उतरवायला त्यानं दोन माणसं आणली होती.

"खाट राहू दे," ठमाबाई म्हणाली.

"आये, पोर गेली. आता तू एकटी इथं काय करणार? लोक काय म्हणतील मना?"

"मना विचार की."

"काय विचारू?"

"कुठं राहायचं ते."

ती दोन माणसं जिन्यात ताटकळली होती. खाली आशालताबाई उगाचच झाडांना पाणी घालत होत्या, पाईप एका जागी धरून.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "कुठं राहायचंय तुला?"

"इथं," ठमाबाई म्हणाली.

तो टेम्पो रिकामाच घेऊन गेला. दर रविवारी मासळी घेऊन येत राहिला, आणि दर वेळी जाताना विचारायचा, "येतेस का आता?" ती दर वेळी नाही म्हणायची. तिला नाही म्हणायला आवडू लागलं होतं.

ठमाबाई काळूराम त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, मंगळवार, अठरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वारली. वय त्र्याहत्तर.